बुलबारमागचा हूक

४ मे, रविवार
जेवणानंतर माझ्या पिकअपवरून घरात बैठक. गाडी माझी, चालवते मी, चिखलात घालते मी, आणि मतं सगळ्यांना. थोरले दीर, म्हणजे अण्णा, त्यासाठी खास हुबळीहून धारवाडला आले. हातात फोन, फोनवर व्हिडिओ. कुठल्याशा वाळवंटात एक माणूस पिकअप उडवत होता. ‘वृंदा, हे बघ की. असं पाहिजे.’ अळणावरच्या पलीकडे वाळवंट कुठं आहे, ते विचारायचं मी टाळलं. अण्णा वकील आहेत, एकदा प्रश्न विचारला की उत्तर तासभर चालतं. श्री. मान डोलवत बसला होता. माझा नवरा कॉलेजात फिजिक्स शिकवतो. थोरला भाऊ समोर आला की सगळं फिजिक्स विसरतो.

निकाल असा: गेल्या पावसाळ्यात अळणावरपलीकडच्या वाडीच्या ओढ्यात गाडी रुतली, ट्रॅक्टरवाल्याने ॲक्सलला साखळी घालून ओढली, ॲक्सल वाकला. तेव्हा यंदा पावसाआधी गाडीला ‘सगळं’ बसवायचं, तेही अण्णांना पसंत पडेल असं. नाहीतर गाडी विकायची, वाडीच्या फेऱ्या बंद. मी केलगेरीत घरी बसून लोकांच्या लाडक्या कुत्र्यांची नखं कापायची. हे श्री. खाली बघत म्हणाला. एवढं तरी वर बघून म्हणायचं.

वाडीत दुसरा जनावरांचा डॉक्टर जात नाही. पावसात तर नाहीच. हे त्या बैठकीत कुणी काढलं नाही, मीही नाही.

९ मे, शुक्र.
हुबळीचा कोप्पीकर रोड. गाड्यांच्या सामानाचं दुकान, बाहेर निळे दिवे. दुकानदार श्री.शी बोलत होता. प्रश्न मी विचारायचा, उत्तर श्री.ला. शेवटी माझ्याकडे वळून, ‘मॅडम, कलर कुठला?’

ओढायचा दोर मागितला. ताणला जाणारा, धक्का पोटात घेणारा. त्याने चपटा पट्टा काढला, दोन टोकांना लोखंडी आकडे. म्हटलं, किती टनाला तुटतो? ‘तुटतच नाही मॅडम. हेवी ड्यूटी.’ पाकिटावर आकडा शोधला, नाही. गाडीचं चित्र होतं, सूर्यास्त होता. जो दोर कशाने तुटतो हे विकणाऱ्याला माहीत नाही, तो मी वासराच्या पायालाही बांधणार नाही. हे मी म्हणाले. दुकानदाराला वाटलं मी विनोद केला. श्री. बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला माझी लाज वाटते तेव्हा तो पार्किंग बघायला जातो.

काही न घेता परत. येताना गाडीत श्री.: ‘जरा गोड बोलली असतीस तर.’ गोड बोलून दोर मजबूत होत असता तर बोलले असते.

१४ मे, बुध.
अण्णांचा रात्री मेसेज, सोबत यादी. बुलबार, म्हणजे बंपरपुढचा तो लोखंडी पाइप. छतावर दिव्यांची पट्टी. उंच नाक, म्हणजे पाण्यात इंजिनाला हवा घ्यायला वर काढलेली ती सोंड. विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी चरखी. छतावरचा तंबू! वाडीत बाळंत म्हैस सोडून मी तंबूत कुणाबरोबर राहणार आहे, तेही लिहायचं होतं.

सोंड कशाला? ओढ्याला बोनेटपर्यंत पाणी असेल तर मी ओढ्यात उतरणारच नाही, काठावर थांबून चहा पिईन. एवढी अक्कल आहे. पण अक्कल दुकानात मिळत नाही, म्हणून कुणी यादीत घालत नाही.

माझी यादी मी फळ्यावर लिहून स्वयंपाकघरात टांगली. चेंबरखाली जाड पत्रा. पुढे-मागे चासीला बोल्ट केलेले पक्के हूक. ताणणारा दोर आणि दोराच्याच कड्या, लोखंडी नकोत, तुटल्या की गोळीसारख्या जातात. चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या, फावडं, हवा कमी करायचं आणि भरायचं यंत्र. जाड घोंगडी, ओढताना दोरावर टाकायला, म्हणजे दोर सुटला तर उडण्याऐवजी खाली बसतो. श्री.ने वाचून विचारलं, ‘यात दिसण्यासारखं काहीच नाही?’ नाही.

१८ मे, रवि.
हुबळीत फॅब्रिकेटरकडे. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तेलाचं पोट, वाडीच्या वाटेवर पहिला दगड तिथंच लागतो. फॅब्रिकेटर पातळ पत्रा घेऊन आला, त्यावर नक्षी. ‘अक्का, शो चंद बरतद.’ शो छान येतो म्हणे. गाडीच्या पोटाखालचा शो कुणी बघायचा? मी आडवी पडले तर. जाड पत्रा घ्यायला लावला, तेल सोडायला भोक पाडायला लावलं, आणि तिथंच स्टुलावर बसून राहिले, कारण उठले असते तर पातळच लावला असता.

अण्णा त्याच वेळी आले, स्वतःच्या गाडीला बुलबार बसवायला. त्यांची पिकअप नवी, पांढरी. आजवर ती हुबळीतून धारवाडला आणि धारवाडहून हुबळीला गेली आहे. म्हटलं, अण्णा, याला कायद्याने बंदी आहे. ‘पकडतंय कोण?’ काळा कोट घालून रोज न्यायाधीशासमोर उभा राहणारा माणूस.

बार बसला. चकचकीत पाइप, वरून दोन दिवे. धरलेला कशाने? बंपरच्या पत्र्याला दोन पट्ट्या आणि चार बोल्ट. कंपनीने गाडीला पुढे खाली ओढायचा हूक दिलाय, तो पार बारच्या मागे गेला. आता तो हवा असला तर जमिनीवर आडवं पडून, बगलेपर्यंत हात आत घालायचा. अण्णांना वाकून दाखवला. ‘लागतोय कशाला? मी कधी रुततच नाही.’ डांबर सोडून जो उतरत नाही, तो रुतणार कशाला.

२५ मे, रवि.
दोर आला. मुंबईतून मागवला. आकडा छापलेला आहे.

संध्याकाळी व्हरांड्यात श्री.ने तो उलगडला, एक टोक खांबाला घातलं आणि ओढून बघत राहिला. ‘यात साठते ना एनर्जी, मधेच काही सुटलं तर जाते कुठं?’ मग स्वतःच म्हणाला, ‘जे सुटलं त्याच्यात जाते. जे सुटेल ते उडेल.’ म्हटलं, म्हणून तर बांधायची जागा महत्त्वाची. म्हैस अडली की वासरू ओढतानाही तेच, दोर खुराच्या वरच्या सांध्याच्या वर घालायचा, भलतीकडे घातला तर पाय हातात येतो. त्याला ते पटलं. भाऊ नसताना माझा नवरा बरा असतो. मला आवडतो, खरं तर.

१ जून, रवि.
केलगेरी तळ्याच्या मागच्या बाजूला, काल पावसाने केलेल्या चिखलात, मी आणि श्री. मुद्दाम गाडी रुतवली. चाकांची हवा कमी केली, पट्ट्या घातल्या, बाहेर. परत रुतवली, परत बाहेर. सकाळचे फिरायला आलेले लोक कंबरेवर हात ठेवून उभे. पॅन्ट वर खोचलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी गिअर कुठला टाकायचा ते सांगितलं. ते स्कूटरवर आले होते.

अण्णांना फोटो पाठवला. उत्तर: अंगठा. खाली, ‘चिखल धुऊन टाक, रंग जाईल.’

७ जून, शनि.
आज एकटी वाडीला गेले. रात्रभर पडला होता. ओढ्याचा उतार लाल, गुळगुळीत. वर थांबून हवा कमी केली, दुसऱ्या गिअरमध्ये उतरले, ब्रेकला हात— पाय— लावला नाही. खाली पत्र्याला दगड ठण्णकन लागला. पूर्वी तिथंच तेल गेलं असतं. वर निघाले. तीन म्हशी तपासल्या, एक गाभण. परत.

घरी येऊन श्री.ला म्हटलं, बघ. तो म्हणाला, ‘बघितलं.’ आणि हसला. विकायची गोष्ट या आठवड्यात कुणी काढली नाही. इतका आनंद फार दिवसांनी झाला, दुपारी उगाच शिरा केला.

संध्याकाळी फोन. बुधवारी वाडीत कारहुणवी, आपला बेंदूर. अण्णांचा एक पक्षकार वाडीतला, त्याने अण्णांना पाहुणे म्हणून बोलावलंय, फेटा बांधणार. ‘मी माझी गाडी घेऊन येतो. रस्ता कसा आहे तो मीच बघतो एकदा.’ श्री.लाही रजा टाकायला लावली. फेटा बांधायला आणि बांधलेला बघायला, दोघं लागतात.

११ जून, बुध.
श्री. दवाखान्यात. शुद्धीवर आहे. कान आणि खांदा. काही लिहवत नाही.

१२ जून, गुरु.
दवाखान्याच्या बाकावर. लिहून काढते, म्हणजे डोक्यात फिरणार नाही.

सकाळपासून भुरभूर. बैल रंगवलेले, शिंगांना गोंडे. वेशीत कर बांधलेली, लिंबाच्या डहाळ्यांचा लांबलचक दोर. दोन्ही बाजूंना सगळी वाडी उभी. बैल पळत आले, कर तुटली, त्यातल्या एकाचं शिंग वेशीच्या दगडावर आपटून मुळातून मोडलं. रक्त. ‘डॉक्टर अक्का, बेग बर्री.’ लवकर या म्हणून ओरडा. मी बैल आडवा पाडून घेतला, रक्त थांबवत बसले. ते बरंच चाललं.

तेवढ्यात अण्णांनी, फेटा बांधून, पांढऱ्या कपड्यांत, सगळ्यांना दाखवायला गाडी वेशीशेजारच्या शेतात घातली. वळवून परत आणतो म्हणे. हवा पूर्ण भरलेली, रुंद टायर, लाल चिखल. बंपरपर्यंत गेली. लोक बैल सोडून तिकडं.

मी हात रक्ताने भरलेले घेऊन तिथं पोचले, तेव्हा श्री. माझी गाडी पुढे लावत होता, मागचा हूक अण्णांच्या गाडीच्या तोंडाकडे. माझी गाडी कोण चालवणार हे अण्णांनीच ठरवलेलं. मी माझा दोर काढून दिला. माझ्या गाडीकडचं टोक मीच हुकाला नीट अडकवलं. दोराच्या दोन्ही बाजूंना लोक, अगदी कर तुटताना बघायला उभे राहतात तसे, पोरं खांद्यावर. मी ओरडले, ‘हिंद सरीरी, यल्लारू हिंद.’ माझा आवाज चांगला मोठा आहे. सगळे दूर शेताच्या बांधापर्यंत गेले.

मग अण्णांपाशी. म्हटलं, हूक बारच्या मागे आहे, खाली आडवं पडावं लागेल. त्यांनी चिखलाकडे बघितलं, स्वतःच्या धोतराकडे बघितलं, बांधावरच्या लोकांकडे बघितलं. ‘दुसरीकडे कुठं?’ म्हणाले.

मी म्हणाले, ‘चिखलात लोळायची लाज वाटत असेल तर बांधा की बारला. नाहीतरी शोभेलाच लावलाय.’

हे शब्द. असेच. बदललेले नाहीत. मी स्वतः पडले असते, माझे कपडे रक्ताने आधीच खराब होते. पण पडले नाही. वकीलसाहेबांनी एकदा तरी पडावं, असं वाटलं. दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि पाण्याच्या टाकीकडे हात धुवायला गेले. घोंगडी गाडीतच राहिली.

पाठीमागे श्री.ने गाडी दामटल्याचा आवाज. मग दुसरा आवाज.

बार अख्खा निघाला. पट्ट्या, दिवे, सगळ्यासकट. माझ्या गाडीच्या हौद्यावरून जाऊन मागची काच फोडून आत. श्री.चा उजवा खांदा, उजवा कान. अण्णा चिखलात धावत आले, पडले, उठले, परत पडले. फेटा सुटून पायात. श्री.ला काढताना माझ्या बरोबरीने त्यांनी धरलं, तोंडाने सारखं ‘तम्मा, तम्मा’ म्हणत होते, धाकट्या भावाला ते लहानपणी तसं म्हणत असतील. मी कधी ऐकलं नव्हतं.

गळ्याच्या खालचं हाड मोडलंय. कानाला टाके. कान राहील, ऐकू किती येईल ते सूज उतरल्यावर कळेल म्हणाले.

१३ जून, शुक्र.
वहिनी, म्हणजे अण्णांची बायको, डबा घेऊन आल्या. मी तयारीत होते. त्या काय म्हणणार ते मी मनात म्हणून ठेवलं होतं, माझी उत्तरंही.

त्या म्हणाल्या, ‘तू नको नको म्हणत होतीस म्हणे. यांनीच हट्टाने बारला बांधलं. घरी येऊन रडले गं.’

मी डबा घेतला. भाजी कसली होती कुणास ठाऊक. उत्तरं सगळी वाया.

१५ जून, रवि.
अण्णांनी हेच सगळ्यांना सांगितलंय. श्री.लाही. वाडीच्या लोकांनाही, त्यांचे फोन येतात: ‘अक्का, तुम्ही सरका म्हणालात म्हणून आमची पोरं वाचली. वकीलसाहेबांनीच ऐकलं नाही.’ मी नको म्हणत होते, असं अख्ख्या तालुक्यात झालंय. श्री. गाडीत होता, इंजिन चालू, काचा वर. त्याने काही ऐकलं नाही. ऐकलं ते एकाच माणसाने.

शिव्या दिल्या असत्या तर सोपं होतं. या माणसाला मी बारा वर्षं मूर्ख म्हणत आले, मनात, डायरीत, कधी तोंडावर. आयुष्यात पहिल्यांदा काही डोकं चालवलं, ते माझ्यासाठी खोटं बोलायला. त्याचा रागच येतोय जास्त. कुणी मागितलं होतं?

१९ जून, गुरु.
श्री. घरी. हात गळ्यात. उजव्या बाजूने बोललेलं कळत नाही, ‘काय?’ म्हणत मान वळवतो, मग खांदा दुखतो. मी डाव्या बाजूला पाट टाकलाय.

आज तो म्हणाला, ‘गाडी नाही विकायची. काच बसवून आण. तुझं त्या दिवशी ऐकलं असतं तर.’ आणि माझा हात धरला, डाव्या हाताने, आडवा.

हेच तर मला हवं होतं, मे महिन्यापासून. गाडी राहिली, वाडी राहिली. त्याने वर बघून म्हटलं. मी त्याचा हात सोडवून दूध बघायला गेले. दूध फ्रिजमध्ये होतं.

सांगितलं तर? श्री. काय करेल ते मला माहीत आहे. पार्किंग बघायला जाईल.

२२ जून, रवि.
दुपारी अण्णा आले, बसने. श्री. गोळी घेऊन झोपलेला, म्हणून बाहेर व्हरांड्यात बसले. आठवड्यात माणूस केवढा वाळला. चपला पायरीशी सरळ लावून ठेवल्या, परक्याच्या घरी आल्यासारख्या.

मी चहा ठेवला आणि विचारलं. गोड बोलायची मला सवय नाही, सरळच विचारलं. ‘खोटं कशाला सांगितलंत?’

‘मग काय सांगायचं होतं? वृंदाने बांधा म्हटलं म्हणून बांधलं? लहान पोरगा आहे मी? मला अक्कल नको?’

म्हटलं, ते ठीक, पण मी म्हणाले होते.

‘म्हणालीस.’ कप हातात फिरवत बसले. ‘खरं सांगितलं तर तुझी गाडी जाईल, वृंदा. घरातले सगळे माझ्या शब्दावर चालतात ना, मग चालू दे की. वाडीवाल्यांना तरी तुझ्याशिवाय कोण आहे.’

आणि मी काय केलं? मनात म्हणाले, बघा, इथंही मोठेपणा. तेवढ्यातही. असा माझा स्वभाव.

चहा संपला तरी ते उठेनात. रस्त्यावर एक टेम्पो उलटा घेत होता, त्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता, हळूच, कोर्टात विचारतात तसं अजिबात नाही: ‘एकच सांग मला. बार निघणार, हे तुला माहीत होतं?’

मी म्हणाले, अजून घोटभर आणते. आत गेले. परत आले तर पायरीवर चपला नव्हत्या.

बार वाकेल असं वाटलं होतं. वाकावा असंही वाटलं होतं, सगळ्या वाडीसमोर, त्या दिव्यांसकट, फेट्यासकट. निघून उडेल असं वाटलं नव्हतं. पण चार बोल्ट मी मोजले होते. दोरावरचा आकडाही मला पाठ होता. जे सुटेल ते उडेल, हे श्री.ने मला याच व्हरांड्यात सांगितलं, आणि मीच त्याला म्हटलं की बांधायची जागा महत्त्वाची.

‘वाटलं नव्हतं’ हे वाक्य मी मघापासून वाचतेय. खोडलं नाही अजून.

श्री. उठलाय. ‘कोण आलं होतं?’ विचारतोय. इथून ओरडून त्याला ऐकू जायचं नाही, डाव्या बाजूला जाऊन बसायला हवं. जाते.